हँडल आणि टिंब

मी एक टिंब विसरलो आणि आमच्या वर्कशॉपमधल्या १४ लाखांच्या मशीनने स्वतःचं टूल नेऊन क्लॅम्पवर आपटलं. आवाज फार मोठा नव्हता. त्यानंतर शेडमध्ये जी शांतता पसरली ती मात्र अजून आठवते. मी लाल इमर्जन्सी बटण दाबलं तोवर सगळं होऊन गेलं होतं. १२ मिमीच्या कार्बाइड एंडमिलचे तुकडे चिपमध्ये पडले होते, क्लॅम्प वाकला होता, बिडाचं कास्टिंग जागेवरून फिरलं होतं. प्रोग्रॅम माझा होता. मी, म्हणजे मेकॅनिकलची डिग्री आणि सॉफ्टवेअरची नोकरी असलेला घरचा इंजिनिअर.

ते टिंब कुठलं ते सांगतो. पण त्याआधी हँडलबद्दल सांगायला हवं.

पप्पांचं वर्कशॉप कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात आहे. पत्र्याची शेड, दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, आता कुणीच चालवत नाही असा एक शेपर, आणि एचएमटीचं एफएन-२ मिलिंग मशीन. एचएमटी म्हटलं की माझ्या वयाच्या मुलांना आजोबांच्या मनगटावरचं घड्याळ आठवतं. पण घड्याळं १९६१पासूनची. १९५३ साली बेंगळुरूत ही सरकारी कंपनी सुरू झाली ती मशीनं बनवण्यासाठी. 'मशीन टूल्स' हे तिच्या नावातच आहे. पप्पांनी हे मशीन १९९८मध्ये एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून आणलं. तेव्हा मी एक वर्षाचा होतो. मशीनवर बसवलेला माझा एक फोटो घरी आहे, रडतानाचा.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: लेथवर जॉब फिरतो आणि टूल त्याला टेकतं. मिलिंगवर उलट. कटर फिरतो आणि टेबलावर बांधलेला जॉब त्याच्याखालून सरकतो. पृष्ठभाग सपाट करायचा, खाच पाडायची, शाफ्टवर की-वे कापायचा, ही सगळी मिलिंगची कामं. टेबल डावीउजवीकडे, मागेपुढे आणि वरखाली न्यायला तीन हँडल. प्रत्येक हँडलच्या मुळाशी बारीक रेघांची एक डायल. आमच्या मशीनवर एक रेघ म्हणजे ०.०५ मिमी. माणसाचा केस साधारण तेवढाच जाड असतो.

या मशीनवर पहिल्यापासून एकच माणूस आहे. त्यांना नाव आहे, पण उद्यमनगरात सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. पप्पाही मिस्त्रीच म्हणतात. मी लहानपणापासून मिस्त्रीकाका म्हणतो. सातवीनंतर शाळा सुटली, दुसऱ्याच्या शेडमध्ये झाडू मारत मारत शिकले. ते मला इंजिनेर म्हणतात. डिग्री मिळायच्या आधीपासून म्हणतात, त्यामुळे त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे मला कधी कळलेलं नाही.

मेकॅनिकलला प्रवेश घेतला तेव्हा घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की पोरगा शेड बघणार. चौथ्या वर्षी कॅम्पसला आयटी कंपनी आली, तीन राउंड झाले, आणि २०१९मध्ये मी हिंजवडीला रुजू झालो. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गातली बरीच मुलं अशीच गेली. चार वर्षांत मी मिलिंग मशीनला एकदा हात लावला होता, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत, तेही लॅब असिस्टंटने सगळं लावून दिल्यावर. व्हायव्हाला मात्र 'अप मिलिंग आणि डाउन मिलिंगमधला फरक' मी घडाघडा सांगितला होता.

तो फरक मला खरा कळला २०२०मध्ये. लॉकडाउनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो. शेड बंद होती ती मे महिन्यात हळूहळू उघडली, पण माणसं कमी होती. माझे कॉल संपले की संध्याकाळी मी शेडमध्ये जायचो. एक दिवस मिस्त्रीकाका म्हणाले, "नुसता उभा ऱ्हातोयस ते हँडल तरी धर की."

धरलं. पहिल्यांदा कळलं की हँडल उलट फिरवलं तर टेबल लगेच हलत नाही. आधी हँडल नुसतंच फिरतं, मग टेबल सरकतं. स्क्रू आणि नट यांच्यामध्ये झिजून पडलेली ही पोकळी, म्हणजे बॅकलॅश. आमच्या मशीनला जवळजवळ अर्धा मिमी होता. डायलवर दहा रेघा. म्हणजे डायल एक सांगते आणि टेबल दुसरीकडेच असतं. त्यावर उपाय एकच: मापावर नेहमी एकाच बाजूने यायचं. पुढे गेलात तर एक अख्खा फेरा मागे जाऊन पुन्हा त्याच बाजूने या.

अप आणि डाउन मिलिंगही याच पोकळीपाशी येतं. कटर फिरतो त्याच्या विरुद्ध दिशेने जॉब सरकवला तर कटर जॉबला मागे ढकलत राहतो, स्क्रू नटाला एका बाजूने टेकलेला राहतो आणि सगळं काबूत असतं. कटरच्याच दिशेने सरकवला तर कटर जॉबला पकडून स्वतःकडे ओढतो, टेबल त्या पोकळीइतकं झटक्यात पुढे जातं आणि कटर मोडतो. मी मोडला. हाय स्पीड स्टीलचा होता, स्वस्त. मिस्त्रीकाका म्हणाले, "आता कळलं न्हवं? आता इसरणार न्हाईस."

खरंच विसरलो नाही. हँडलवर चूक केली की ती आधी हातात येते. कटरची धार गेली असेल तर हँडल जड लागतं. जॉब नीट बांधला नसेल तर तळव्याला बारीक थरथर जाणवते. बिडात मधेच कठीण जागा लागली तर आवाज बदलतो आणि हात आपोआप थांबतो. मी काकांना विचारलं होतं, फीड किती ठेवायचा? ते म्हणाले, "त्येला खाऊ दे. ढकलू नगंस आन् उपाशीबी ठिऊ नगंस." मला मिलिमीटर प्रति मिनिटमध्ये उत्तर हवं होतं. त्यांच्याकडे ते नव्हतं, आणि असतं तरी उपयोग झाला नसता, कारण प्रत्येक कास्टिंगला ते वेगळं होतं.

आता दुसरी बाजू. हँडलचं कौतुक करणं मला सोपं आहे, कारण माझं घर त्याच्यावर चालत नाही. शिरोलीच्या एका कंपनीचं ब्रॅकेटचं काम पप्पांकडे होतं, महिन्याला ३०० नग. दोन पृष्ठभाग, चार बॉस, चार भोकं. एफएन-२वर एका नगाला ४० मिनिटं लागायची. हिशोब करा: २०० तास, म्हणजे मिस्त्रीकाकांचा अख्खा महिना. त्यात संध्याकाळी पाचनंतरचे नग सकाळच्या नगांसारखे येत नसत. येणार कसे? हात माणसाचा होता. कंपनीने भोकांच्या अंतराची मर्यादा कमी केली आणि प्रत्येक नग मोजून घ्यायला सुरुवात केली. परत येणाऱ्या नगांची रास शेडच्या दारात दिसायला लागली.

आम्ही आधी मधला रस्ता काढला. २०२१मध्ये एफएन-२ला डीआरओ बसवला. टेबलाला पट्ट्या लावायच्या आणि टेबल खरोखर कुठे आहे ते एका छोट्या स्क्रीनवर वाचायचं. स्क्रू झिजलेला असला तरी स्क्रीन फसत नाही. मिस्त्रीकाकांनी आठवडाभर त्याच्याकडे पाठ केली आणि मग चष्मा आणून त्याच्यासमोर उभे राहिले. नग परत येणं कमी झालं. पण ४० मिनिटांची ३५च झाली. मग कंपनीचा निरोप आला: व्हीएमसीवर करून द्या, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल.

व्हीएमसी म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटर. मिलिंगच, पण हँडल नाहीत. प्रत्येक दिशेला मोटर, टूल बदलायला स्वतःचं मॅगझिन, आणि सगळ्यावर एक कंट्रोलर, जो तुम्ही लिहून दिलेला प्रोग्रॅम ओळीओळीने वाचतो. २०२२मध्ये पप्पांनी सेकंडहँड व्हीएमसी घेतलं. कर्जाचे हप्ते सुरू झाले. थोडे पैसे माझ्या पगारातून गेले, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे मला बरं वाटलं. शेड सोडून गेलेल्या मुलाने शेडला काहीतरी दिलं, असं काहीसं.

त्याच ब्रॅकेटला व्हीएमसीवर काढणं-बांधणं धरून नऊ मिनिटं लागली. ३०० नग सहा दिवसांत. पहिला नग आणि तीनशेवा नग सारखाच.

पहिल्या दिवशी मिस्त्रीकाका दाराच्या काचेतून बघत होते. "आरं, ह्ये उलटं चाललंय की," ते म्हणाले. बरोबर होतं. व्हीएमसी डाउन मिलिंग करत होतं, ज्याच्यासाठी मी कटर मोडून बोलणी खाल्ली होती तेच. व्हीएमसीचा स्क्रू वेगळा असतो. स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या दाबून बसवलेल्या असतात, पोकळी जवळजवळ नसतेच, आणि मग कटरच्या दिशेने कापलं की पृष्ठभाग उलट जास्त चांगला येतो. मी हे त्यांना समजावून सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि एफएन-२कडे गेले. त्यांच्या हाताने तीस वर्षं पाळलेला नियम एका स्क्रूमुळे रद्द झाला होता, आणि ते त्यांना मी सांगत होतो.

त्या दिवसात मी या मशीनचा इतिहास वाचायला लागलो. १९४०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचा माणूस हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी वक्र साचे बनवत होता. वक्र रेषेवरच्या बिंदूंचं गणित त्याने पंच-कार्डाच्या यंत्रांवर करून घेतलं, आणि मग ते आकडे थेट मशीनलाच का देऊ नयेत, असा विचार केला. अमेरिकी हवाई दलाचे पैसे आले, काम एमआयटीत गेलं, आणि १९५२मध्ये तिथे कागदी टेपवरच्या भोकांवरून चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आलं. आजचं आमचं व्हीएमसी त्याचंच नातवंड.

पण त्याच्या आधी दुसरी एक वाट होती, हे मला माहीत नव्हतं. १९४६-४७च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये वेगळा प्रयोग झाला. कसबी कामगार मशीन चालवत असताना त्याच्या हालचाली टेपवर नोंदवायच्या आणि मग ती टेप लावून मशीनकडून तसंच काम करून घ्यायचं. पहिल्या पद्धतीत प्रोग्रॅम ऑफिसात, गणितातून तयार होतो. दुसरीत तो मिस्त्रीच्या हातातून तयार होतो. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४च्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या पुस्तकात यावरच लिहिलंय. त्याच्या मते दुसरी वाट मागे पडली ती केवळ तांत्रिक कारणांमुळे नाही. काम कसं करायचं हे ठरवण्याची सत्ता कामगाराकडून काढून ऑफिसकडे न्यायची होती. कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट त्या काळात जनरल इलेक्ट्रिकमध्ये प्रसिद्धी विभागात नोकरीला होता. तिथलं आपोआप चालणारं मिलिंग मशीन बघून त्याला 'प्लेअर पियानो' ही पहिली कादंबरी सुचली. तीही १९५२चीच.

हिंजवडीच्या खोलीत हे वाचताना मला मजा येत होती. आपण यातले ऑफिसवाले आहोत हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आता टिंब. व्हीएमसी चालवायला आयटीआय झालेला एक मुलगा ठेवला होता. तो तयार प्रोग्रॅम छान चालवायचा, पण नवा लिहायची वेळ आली की बाहेरून पैसे देऊन लिहून घ्यावा लागायचा. मी म्हटलं, त्यात काय, मी लिहितो. जी-कोड वाचला तर खरंच सोपा वाटतो. जी शून्य म्हणजे झपकन जा, जी एक म्हणजे कापत जा, पुढे एक्स, वाय, झेडचे आकडे. मी दिवसभर लिहितो त्याच्यापुढे ही बालवाडी. नव्या ब्रॅकेटचा प्रोग्रॅम मी पुण्याहून येताना बसमध्ये लिहिला आणि ब्राउझरमधल्या एका सिम्युलेटरवर चालवून पाहिला. स्क्रीनवर निळी रेघ सुंदर फिरली.

एका बॉसवरून दुसऱ्या बॉसवर जाताना टूल आधी वर उचलायचं असतं, म्हणजे मधले क्लॅम्प चुकतात. मी लिहिलं होतं: झेड ५०. पन्नास मिमी वर. ड्रॉइंगमधले बाकीचे आकडे १२०.५, ६२.२५ असे होते, त्यांना टिंब आपसूक आलं. ५० हा माझ्या डोक्यातला गोल आकडा, त्याला टिंबाची गरज आहे असं कुणाच्या मनात येईल? मी शिकलेल्या गणितात ५० आणि ५०. एकच.

आमच्या कंट्रोलरला ते एक नाही. टिंब नसेल तर तो आकडा सगळ्यात लहान एककात धरतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. कागदी टेपच्या जमान्यात आकड्यांना टिंब नसायचंच, त्या सवयीचा हा वारसा. माझ्या ५०चा अर्थ झाला ०.०५ मिमी. डायलवरची एक रेघ. एक केस.

टूल पहिल्या बॉसवर उतरलं तेव्हाही ते ५० मिमीवर न थांबता पार खाली, केसभर अंतरावर येऊन थांबलं होतं. ते दिसण्यासारखं होतं. मी बघत होतो, पण मला ते दिसलं नाही. एक बॉस कापून झाला, टूल केसभर उचललं गेलं आणि सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या वेगाने दुसऱ्या बॉसकडे निघालं. मधे क्लॅम्प होता. एक-एक ओळ चालवायची सोय होती, वेग चतुर्थांशावर आणायचं बटण होतं, जॉबच्या वर हवेत कोरडा फेरा मारायची पद्धत होती. यातलं काहीही मी केलं नव्हतं, कारण सिम्युलेटरवर ते चाललं होतं. घाईत हेच ऑफिसातही करतो, फक्त तिथे काही मोडल्याचा आवाज येत नाही.

मिस्त्रीकाका एफएन-२ बंद करून आले. काही बोलले नाहीत. स्पिंडल हाताने फिरवून पाहिला, कान लावला. मग जाऊन मॅन्ड्रेल आणि डायल इंडिकेटर घेऊन आले, स्पिंडलमध्ये मॅन्ड्रेल लावला, त्याला डायल टेकवली आणि हळूहळू फिरवत काट्याकडे बघत राहिले. पप्पा दारात उभे होते. स्पिंडल गेला असता तर दुरुस्ती लाखाच्या घरात गेली असती, आणि हप्ता पाच तारखेला होता. काटा शंभराव्या भागाच्या आत हलला. काका म्हणाले, "वाचलं." मग माझ्याकडे बघून, "च्या घे जा."

टूलचे दोन-अडीच हजार, एक क्लॅम्प, एक कास्टिंग आणि अर्धा दिवस. मला कुणी रागावलं नाही, त्याचंच जास्त लागलं.

संध्याकाळी काकांनी विचारलं, "तू ल्ह्यलंयस त्ये मला वाचून दाखव." मी म्हटलं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे आहेत, काय कळणार? ते म्हणाले, "तू वाच तर." नवं कास्टिंग टेबलावर बांधलेलं होतं. त्यांनी उजव्या हाताचं बोट टूलसारखं उभं धरलं आणि मी एकेक ओळ वाचेन तसं ते बोट जॉबवरून फिरवायला लागले. एक्स म्हटलं की उजवीकडे, वाय म्हटलं की पुढे, झेड म्हटलं की वर. कटर खाली असताना बोट जॉबला टेकवायचे, वर उचलला की बोट वर. सातव्या-आठव्या ओळीला मी वाचलं, "झेड पन्नास". ते थांबले. "पन्नास काय? सूत, का मिमी, का मायक्रॉन?"

एवढंच विचारायचं होतं. माझ्या सिम्युलेटरने ते विचारलं नव्हतं.

पुढच्या ओळींमध्ये त्यांचं बोट आणखी दोनदा अडलं. एकदा म्हणाले, इथे क्लॅम्पचा बोल्ट उंच आहे, ह्या बाजूने नको, मागून जा. दुसऱ्यांदा म्हणाले, ही बाजू पातळ आहे, आधी ही कापलीस तर जॉब कापेल. ती जड बाजू आधी घे. 'जॉब कापेल' म्हणजे थरथरेल. ड्रॉइंगमध्ये यातलं काही नव्हतं आणि माझ्या प्रोग्रॅममध्येही नव्हतं. मला तेव्हा लक्षात आलं की दोन मशीनमधला खरा फरक मोटर आणि स्क्रूचा नाही. हँडलवर काम करताना निम्मे निर्णय कापता कापता घेतले जातात. व्हीएमसीला सगळे निर्णय कापायच्या आधी, शब्दांत, न चुकता सांगावे लागतात. सांगायची कला मला येत होती. सांगायचं काय ते काकांना माहीत होतं.

तेव्हापासून शेडमध्ये नियम आहे. नवा प्रोग्रॅम आला की कुणीतरी वाचतो आणि काका बोट फिरवतात. टिंब असेल तर ते मोठ्याने उच्चारायचं. तीनेक वर्षांत टूल मोडली, झिजली, पण आपटलं कुठलं नाही.

एफएन-२ विकावं की नाही यावर घरात दोनदा चर्चा झाली. जागा अडते, भंगाराचा भाव बरा होता. मीच म्हणालो होतो, विकूया. मग नोव्हेंबरातल्या एका रात्री एक गुऱ्हाळवाले टेम्पोतून चरकाचा शाफ्ट घेऊन आले. की-वे झिजून पसरला होता, गिअर शाफ्टवर नुसता फिरत होता. ऊस तोडून पडलेला, गुळव्या आणि माणसं बसून. व्हीएमसी रिकामं होतं, मी घरी होतो, लॅपटॉपही होता. पण शाफ्ट टेबलापेक्षा लांब, गिअरमधली खाच किती झिजलीय हे बसवून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि पुन्हा असा शाफ्ट येणार नव्हता. ३०० नगांसाठी दोन तास तयारी परवडते. एका नगासाठी तयारी म्हणजेच काम.

काकांनी शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवला, लोंबणाऱ्या टोकाला खालून आधार दिला, डायल लावून सरळ केला. जुन्या की-वेच्या बरोबर विरुद्ध बाजूला नवीन कापायचा ठरवला, कारण तिथला धातू अजून शाबूत होता. कटर जॉबला टेकला का हे बघायला त्यांनी मधे वहीच्या कागदाचा तुकडा धरला. कागद ओढला गेला की टेकला. कापलं, गिअर लावून बघितला, पुन्हा थोडं कापलं. गिअरमधली खाच शाफ्टच्या खाचेपेक्षा रुंद झाली होती, म्हणून की खालून एका मापाची आणि वरून दुसऱ्या मापाची बनवली, पायरीची. दीड तासात टेम्पो परत गेला. सकाळी पातेलंभर काकवी घरी आली. विकायचा विषय मी पुन्हा काढला नाही.

पण म्हणून सगळं बरं चाललंय असं नाही. मिस्त्रीकाका एकसष्ट वर्षांचे आहेत. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. व्हीएमसीवरचा मुलगा नऊ मिनिटांत दोनदा जॉब हाताळतो: बांधतो, काढतो. मधल्या वेळात बर काढतो, मोजतो, उरलेल्या वेळात रील बघतो. त्याचा दोष नाही. मशीनने त्याच्यासाठी दुसरं काही ठेवलेलंच नाही. त्याच्या तळव्याला कुठलीच थरथर लागत नाही. मग काकांचं बोट जे जाणतं ते याच्या बोटात कुठून येणार? ते बोट एफएन-२च्या हँडलवर तीस वर्षांत तयार झालं. हँडल गेलं तर पुढचा माझा प्रोग्रॅम कोण अडवणार?

पप्पांनी ठरवलं की शनिवारी दुपारी तीन तास व्हीएमसी बंद ठेवायचं आणि मुलाने काकांच्या हाताखाली हँडल धरायचं. मी हिशोब मांडला. व्हीएमसीचा आमचा दर तासाला ४००, महिन्याला साधारण पाच हजारांचं नुकसान. पप्पा म्हणाले, "तुझ्या फीला वर्षाला लाखभर घातले, त्यापेक्षा स्वस्त आहे." यावर मला उत्तर सुचलं नाही.

पाच महिन्यांनी तो मुलगा चाकणला गेला. तिथे पगार जवळजवळ दीडपट होता. मी कुठल्या तोंडाने त्याला अडवणार? मीही असाच गेलो होतो. पाच महिन्यांचे शनिवार त्याच्यासोबत गेले. काका दोन दिवस गप्प होते. मग नवा मुलगा आला. कागलचा, एकोणीस वर्षांचा. पहिल्या शनिवारी मी शेडमध्येच होतो. काका त्याला म्हणाले, "नुसता उभा ऱ्हाऊ नगंस, हँडल धर." त्याने हँडल उलट फिरवलं, टेबल हललं नाही, त्याने चमकून काकांकडे पाहिलं. ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

माझ्या ऑफिसातही आता बराचसा कोड मशीन लिहितं आणि मी तो वाचून पुढे ढकलतो. वाचताना मी खरंच बोट फिरवतो की नुसती निळी रेघ बघतो, हे मी स्वतःला अधूनमधून विचारतो. उत्तर रोज सारखं येत नाही. आमच्या टीममध्ये कॉलेजातून नुकत्याच आलेल्या दोन मुली आहेत. त्यांना हँडल कुठलं द्यायचं, ते मला अजून कळलेलं नाही. परवा एका प्रोग्रॅमची ओळन् ओळ मी त्यांना मोठ्याने वाचायला लावली. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. वाचली मात्र.

गेल्या खंडेनवमीला घरी होतो. मशीनं पुसून झाली, झेंडूच्या माळा घातल्या, एफएन-२च्या तिन्ही हँडलना आणि व्हीएमसीच्या कंट्रोलरला हळद-कुंकू लागलं. प्रसाद वाटून झाल्यावर पप्पांना आठवलं की उद्याच्या दसऱ्यानंतर नव्या जॉबचा पहिला नग द्यायचाय. प्रोग्रॅम मी आदल्या रात्री लिहिला होता. काकांनी नव्या मुलाला वाचायला सांगितलं आणि स्वतः बोट उभं धरलं. तो अडखळत वाचत होता. चौथ्या ओळीला थांबला, कागद डोळ्यांजवळ नेला.

"झेड पन्नास," तो म्हणाला, आणि मग जरा मोठ्याने, "टिंब."

काकांनी बोट वर उचललं. पन्नास मिमी, अंदाजाने. मी नंतर पट्टी लावून मोजलं नाही, पण बरोबर असणार.